शापस्तोत्रे : पीडितांची फिर्याद

स्तोत्रसंहितेतील काही स्तोत्रे वाचताना आपली जीभ अडखळते. शत्रूचा सर्वनाश मागणारे शब्द, वैऱ्यांवर प्रीती करावयास शिकविणाऱ्या प्रभूच्या अनुयायांनी कसे उच्चारावेत? ख्रिस्तसभेलाही ही अडचण जाणवली. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित प्रहर-प्रार्थनेतून स्तोत्र 58, 83 व 109 संपूर्ण वगळण्यात आली.

त्यांपैकी 109वे स्तोत्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्याची मांडणी न्यायसभेची आहे. कवीविरुद्ध खोटे बोलले जात आहे; प्रेमाची फेड वैराने होत आहे. मग शापांचा लोंढा सुटतो. वैऱ्याच्या उजव्या बाजूस आरोप करणारा उभा राहावा, सावकाराने त्याची मालमत्ता जप्त करावी, असे मागणे येते. शापातून मुलेबाळेही सुटत नाहीत. काही अभ्यासक हे शाप वैऱ्यांच्या तोंडचे मानतात. आम्हांस ही पळवाट वाटते. कारण 20व्या वचनात कवी हेच फळ आपल्या वैऱ्यांना मिळो असे मागतो. मात्र अखेरीस ‘उजवी बाजू’ पुन्हा येते, आणि तेथे दीनाच्या कैवारासाठी परमेश्वर उभा असतो. कवीच्या हाती शस्त्र नाही. सूड त्याने देवाच्या स्वाधीन केला आहे.

यवतमाळ जिल्ह्यात या स्तोत्रातील सावकार अनोळखी नाही. चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांचा पत्नी व चार मुलांसह अंत झाला तो 19 मार्च 1986 रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात 20हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. 2020 साली त्यांतील काहींच्या विधवांनी थेट स्वित्झर्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. लूकच्या 18व्या अध्यायातील, न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणारी विधवा येथे आठवते. प्रतिवादीविरुद्ध न्याय मागणाऱ्या त्या स्त्रीलाच प्रभूने प्रार्थनेचा आदर्श ठरविले.

आपल्या विश्वासू जनांच्या प्रार्थनांत शेतकऱ्यासाठी पाऊस व मनःशांती मागितली जाते, न्याय क्वचितच. मुलाबाळांवरील शाप आपण उच्चारू नयेत, हे खरेच. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा संताप देवापुढेही मांडू दिला नाही, तर तो मनातच कुजतो, किंवा स्वतःवर उलटतो. म्हणून ही स्तोत्रे सुखवस्तूंनी म्हणण्यापेक्षा ऐकावीत, आणि ऐकताना स्वतःस विचारावे : फिर्यादीत आपण कोणत्या बाजूस उभे आहोत?