सभागृह पाहायचे की ऐकायचे?

अमरावती-अकोल्याकडे शाळांची, संस्थांची जी नवी सभागृहे दिसतात, त्यांचा एक ठराविक साचा आहे. चकचकीत फरशी, गुळगुळीत भिंती, मोठ्या काचा, व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. व्याख्यान, विज्ञानावरचा माहितीपट, स्नेहसंमेलन, सारे इथेच. पाहुणे काय म्हणाले, असे मागच्या रांगेतल्या मुलाला विचारा. आवाज आला, पण शब्द कळले नाहीत, असे तो सांगेल. यावर संयोजकांचा उपाय ठरलेला असतो: आवाज वाढवा. पुढच्या वर्षी आणखी मोठे स्पीकर येतात.

हा पैसा वाया जातो. गुळगुळीत गिलावा त्याच्यावर पडलेल्या ध्वनीपैकी फार तर 2-3 टक्के शोषतो, बाकीचा परत पाठवतो. त्यामुळे उच्चारलेला प्रत्येक आवाज खोलीत रेंगाळतो. हाच निनाद. बोलण्यात स्वर जोरकस आणि लांब असतात, व्यंजने क्षणभराची. 'काका' म्हटले की पहिल्या 'का'तला रेंगाळणारा 'आ' दुसऱ्या 'क'वर पडतो आणि 'क' बुडतो. आवाज दुप्पट केला तर निनादही दुप्पट होतो, दोघांचे प्रमाण तेच राहते. याच भागातले गाडगेबाबा मोकळ्या मैदानात कीर्तन करत. मैदानात आवाज दूरवर क्षीण होतो खरा, पण परतून पुढच्या शब्दावर बसत नाही.

या प्रश्नाचे शास्त्र एका संग्रहालयातच जन्मले. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह 1895 साली सुरू झाले, आणि तिथे वक्त्याचे बोलणे कळेना. उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद ऐकू येत राही. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि किती गाद्यांनी निनाद किती घटतो ते मोजले. निष्कर्ष सोपा निघाला: निनादकाल (सेकंद) = 0.161 × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण.

20 मीटर लांब, 12 मीटर रुंद, 6 मीटर उंच सभागृह घ्या. घनफळ 1440 घनमीटर, सर्व पृष्ठभाग 864 चौरस मीटर. शोषण 3 टक्के धरले तर सुमारे 26 चौरस मीटर. रिकाम्या खोलीचा निनादकाल येतो जवळपास 9 सेकंद! (दारे, खिडक्या, खुर्च्यांमुळे प्रत्यक्षात कमी भरेल.) 200 मुले बसली आणि प्रत्येकाचे शोषण 0.4 चौरस मीटर धरले, तर काल 2.2 सेकंदांवर येतो. बोलणे नीट कळायला तो एक सेकंदाच्या आसपास हवा. छताला 55 टक्के शोषणारे आवरण लावा, काल एक सेकंद होतो. स्पीकरला हात न लावता.

नववीच्या पुस्तकात प्रतिध्वनीचे 17.2 मीटर मुलांना पाठ होतात. हे गणित मात्र तिथे नाही. वास्तविक मुलांना रोज त्रास देतो तो निनाद, प्रतिध्वनी नव्हे.

एकच सभागृह सर्व कामांना, या हट्टाचाही विचार व्हावा. चित्रपटाच्या ध्वनीत देवळाचा किंवा दरीचा निनाद आधीच मिसळलेला असतो. म्हणून चित्रपटगृह जवळजवळ 'मुके' ठेवतात, भिंतींना कापड आणि आत काचलोकर. गाण्याला मात्र थोडा निनाद लागतोच. संग्रहालयात आणखी वेगळी अडचण: शेजारच्या दोन दालनांचे निवेदन एकमेकांत घुसते आणि मुले दोन्ही सोडून देतात. तारांगणाचा घुमट सहसा बारीक भोकांच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा असतो, तो उगीच नव्हे. अखंड घुमटाने आवाज एका जागी गोळा केला असता.

आपल्याकडे शोषक द्रव्य दूर शोधायला नको. सेबाइनच्या गाद्यांचे काम वऱ्हाडचा कापूस करू शकतो: सैल भरलेला जाड थर, वर विरळ कापड, भिंतीपासून चार बोटे अंतर. उंच स्वर तो चांगले शोषतो, ढोलासारखे खालचे स्वर कमी. (अंड्यांचे ट्रे चिकटवून फारसे काही साधत नाही, ही फॅशन सोडावी.) मात्र कापूस पेटतो. अग्निरोधक प्रक्रिया केल्याशिवाय आणि अग्निशमन खात्याला दाखवल्याशिवाय तो मुलांच्या डोक्यावर लावू नये.