नृत्यगीताची लांबी : रेला, धुमाल आणि ट्रॅक

लोकगीतांच्या अभ्यासात शब्दार्थाचा विचार पुष्कळ झाला आहे; चाल व ताल ह्यांचाही काही प्रमाणात झाला आहे. गीत किती वेळ चालते आणि ते कोठे थांबते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. लांबी ही गीताची बाह्य बाब आहे, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत किती अपुरी आहे, हे चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील नृत्यगीतांकडे पाहिल्यास ध्यानात येते. भामरागड, एटापल्लीकडील गावांत गोटुलाच्या अंगणात चालणारा रेला, लग्नाच्या वरातीपुढे वाजणारा धुमाल आणि भ्रमणध्वनीवर फिरणारे गोंडी गीताचे ‘डीजे’-रूप, ही तिन्ही रूपे आज ह्या प्रदेशात एकाच वेळी नांदत आहेत. तिघांचा हेतू नाचविणे हाच आहे. परंतु गीताचा शेवट कोणाच्या हाती आहे, ह्या एका प्रश्नावर तिघे परस्परांपासून वेगळे पडतात.

‘पूर्वीची गाणी लांब होती, आताची आखूड झाली, लोकांजवळ वेळच उरला नाही,’ असे स्पष्टीकरण ह्यासंबंधी नेहमी दिले जाते. ते ह्या प्रदेशापुरते तरी टिकण्याजोगे नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंज येथील मंडळ्यांची झाडीपट्टीची नाटके ह्याच गावांतून होतात. ती रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात आणि प्रेक्षक तिकीट काढून ती पाहतात. जो समाज नाटकासाठी रात्र जागवितो, त्याच्याजवळ गीतासाठी वेळ नाही असे म्हणता येणार नाही. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

प्रथम रेल्याची रचना पाहू. मुलामुलींच्या रांगा हातांत हात गुंफून अथवा एकमेकांच्या कमरेभोवती हात टाकून गोलाकार फिरतात. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो, आणि मध्ये ‘रे’, ‘ला’ अशा अक्षरांचे पालुपद येते. ह्या अक्षरांना कोशगत अर्थ नाही. म्हणून ती निरर्थक ठरत नाहीत. पालुपद चालू असते तेवढ्या अवधीत पुढची ओळ कोणाला तरी सुचावयाची असते. ती ओळ परंपरेतली असेल, समोरच्या गटाला काढलेला चिमटा असेल, किंवा पाहुण्या गावाला विचारलेला प्रश्नही असेल. अशी ओळ येत राहते तोवर गीत पुढे जाते. ती येईनाशी झाली, अथवा पाय थकले, म्हणजे ते थांबते.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर रेल्याची रचना आवर्ती आहे. मर्यादित साधनांचा अमर्याद उपयोग हे भाषेचे लक्षण हुम्बोल्ट ह्यांनी सांगितले, आणि चॉम्स्की ह्यांनी १९५७ नंतर ते व्याकरणविचाराच्या केंद्रस्थानी आणले. ‘सर्वांत लांब वाक्य कोणते?’ ह्या प्रश्नाला जसे उत्तर नाही, तसे ‘रेल्याची लांबी किती?’ ह्यालाही नाही. नियम ठरलेला आहे. लांबी त्या त्या रात्री ठरते. मराठी वाचकाला ह्याचे जवळचे उदाहरण जात्यावरच्या ओवीचे आहे. एक ओवी अगदी लहान असते; ओव्यांची माळ मात्र दळण संपेपर्यंत लांबते. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ ह्यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या, ही मराठीच्या दृष्टीने मोठीच प्राप्ती होय. परंतु पिठाची गिरणी आल्यावर जुन्या ओव्या नाहीशा झाल्या, एवढेच घडले नाही. नवी ओवी रचण्याची वेळही नाहीशी झाली. संग्रहाने पहिली हानी भरून निघते, दुसरी निघत नाही.

रेल्याची लांबी प्रथम यंत्राने तोडली, असेही नाही. ते काम संग्राहकाच्या लेखणीने आधीच केले होते. श्यामराव हिवाळे व व्हेरियर एल्विन ह्यांचा मैकल टेकड्यांतील गीतांचा संग्रह १९४४ साली निघाला आणि बस्तरच्या मुरिया गोटुलावरील एल्विन ह्यांचा ग्रंथ १९४७ साली. शेजारच्या मुलखातील हे कार्य मोलाचे आहे. परंतु त्यांतील गीते वाचकापुढे येतात ती इंग्रजी अनुवादाच्या रूपाने, आटोपशीर कवितेसारखी. पालुपदाची आवर्तने आणि ओळ देणारा व ओळ उचलणारा ह्यांतील भेद छापील पानावर सहसा उरत नाही. पुनरुक्ती गाळणे हे संपादनाचे शिष्ट कर्तव्य मानले गेले. आणि नृत्यगीतात पुनरुक्ती हीच रचना असल्याने, तिच्याबरोबर रचनाही गाळली गेली.

ह्यानंतर ध्वनिमुद्रण आले. भारतात १९०२ पासून तबकड्या निघू लागल्या. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, आणि गायक-गायिकांनी आपली कला त्या अवधीत बसविली. पुढे कॅसेटने अवधी वाढवून दिला, तरी तीन-चार मिनिटांचे गाणे हा साचा रूढ होऊन बसला होता. मर्यादा साधनाची होती. कालांतराने ती अभिरुची झाली.

गोंडी गीतांच्या डीजे-रूपाची बांधणी मात्र तबकडीवरील गाण्याची नव्हे. ती पाश्चात्य यांत्रिक नृत्यसंगीताकडून आलेली आहे : नुसता ठोका, मग चढ, मग क्षणभर रिकामी जागा, मग पूर्ण बळानिशी कोसळणारा ताल. म्हणून त्या संगीताच्या इतिहासात थोडे डोकावणे अगत्याचे आहे. त्यातील ‘हार्डकोअर’ ही शाखा अत्यंत जलद व कठोर होय. तिचे ‘गॅबर’ हे रूप १९९० नंतरच्या वर्षांत रॉटरडॅम येथे वाढले, आणि १९९२ पासून ‘थंडरडोम’च्या मेळाव्यांनी ते सर्वदूर नेले. ह्या संगीताचे ट्रॅक बारा इंची तबकडीवर निघत. आरंभी कित्येक आवर्तने केवळ ठोका, शेवटीही केवळ ठोका, आणि खरा ऐवज मध्ये, अशी त्यांची ठेवण असे. घरी बसून ऐकणाऱ्याला ही दोन टोके कंटाळवाणी वाटत. पण ती त्याच्यासाठी नव्हतीच. एका तबकडीचा शेवट दुसरीच्या आरंभावर चढविणाऱ्या डीजेसाठी ती मोकळी ठेवलेली होती. ट्रॅक हेतुपुरस्सर अपुरा असे; दुसऱ्या माणसाच्या हाताने तो पुरा होई.

गेल्या काही वर्षांत हे ट्रॅक आखूड झाले आहेत. त्याचे एक कारण वेग हे आहे, आणि त्याचा हिशेब मांडता येतो. चार ठोक्यांचे एक आवर्तन धरून २५६ आवर्तनांचा ट्रॅक कल्पिला, तर मिनिटाला १५० ठोक्यांच्या गतीने तो ६ मिनिटे ५० सेकंद चालेल आणि २०० ठोक्यांच्या गतीने ५ मिनिटे ७ सेकंद. म्हणजे रचनेतील एकही आवर्तन न काढता घड्याळातील लांबी एक चतुर्थांशाने घटते. परंतु तोच ट्रॅक २०० च्या गतीने साडेतीन मिनिटांत संपत असेल, तर त्यात १७५ आवर्तनेच उरतात; सुमारे ८० आवर्तने कोठे तरी गेली. आरंभीची ३२ आणि शेवटची ३२ मिळून ६४ होतात, उरलेली मधल्या विश्रांतीतून जातात. तेव्हा लांबीतील घट एकजिनसी नाही. वेगामुळे होणारी घट रचनेला हात लावीत नाही. दुसऱ्या प्रकारची घट मात्र नेमकी दुसऱ्यासाठी राखलेली जागाच कापते.

ही जागा कापण्यास कारणे आहेत. संगणकीय साधनांनी डीजेला हवा तो तुकडा हवा तितका वेळ फिरविता येतो. त्याला तयार मोकळ्या टोकांची पूर्वीइतकी गरज राहिली नाही. शिवाय ट्रॅक आता एकट्याने ऐकला जातो, आणि स्पॉटिफायसारख्या सेवा ३० सेकंद ऐकल्यावरच तो ‘ऐकला’ असे मोजतात. साहजिकच आकर्षक भाग पुढे सरकतो. भारतात जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर ‘रील’ सुरू झाली ती १५ सेकंदांच्या मर्यादेने. ती मर्यादा पुढे वाढली. १५ सेकंदांत मावेल असा तुकडा हेरण्याची सवय मात्र मागे राहिली.

ह्या पार्श्वभूमीवर रेल्याचे डीजे-रूप ऐकले असता काय दिसते? पालुपद, जे पुढची ओळ सुचण्यासाठीचा अवकाश होते, तेच आता मुख्य ऐवज होते. ओळी दोन-चार उरतात, आणि त्या दर वेळी त्याच असतात. ओळ देणारा व उचलणारा हा भेद मिटतो. नव्या शब्दांना स्थान असते ते एकाच ठिकाणी : मध्येच ट्रॅक तयार करणाऱ्याचे नाव पुकारले जाते तेथे. रेल्यात समोरच्या गटाला उद्देशून काही बोलले जाई. येथे निर्माता स्वतःचे नाव सांगतो. संबोधन जाऊन स्वाक्षरी आली.

ह्या रूपाच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे, आणि ते लहान नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लक्ष लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. बाजारपेठेच्या गावात भर रस्त्यावर मोठ्या आवाजात गोंडी ऐकू येणे, आणि तरुणांना त्याचा संकोच न वाटता अभिमान वाटणे, ह्याला भाषेच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने निश्चित मूल्य आहे. परंतु भाषा ऐकू येणे आणि भाषेत रचना करणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषा जगते ती नवी वाक्ये होत राहिल्याने. माडिया मुलामुलींना गावासमोर, तालात, तत्काळ नवे वाक्य जुळविण्याची संधी रेला देत असे. शाळा ही संधी त्यांना त्यांच्या भाषेत क्वचितच देते. डीजे-रूप तर मुळीच देत नाही. जे कमी झाले ते मिनिटांच्या हिशेबात दिसत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही.

दोष यंत्राचा आहे, असा निष्कर्ष मात्र ह्यातून काढू नये. धुमालाचे उदाहरण त्याच्या विरुद्ध आहे. नागपूरपासून छत्तीसगडापर्यंत लोकप्रिय असलेल्या ह्या वादनात विजेवर चालणारे कीबोर्ड व पॅड असतात, कर्णे असतात, चित्रपटगीतांच्या चाली असतात. तरीही वादकांची नजर वरातीवर असते. नाचणारे रंगात आले की तोच तुकडा पुन्हा येतो. वरात रेंगाळली की चाल बदलते. मांडव आला की वादन संपते. त्यात नवी ओळ नाही, हे खरे. पण शेवट अजून समोरच्या माणसांच्या हाती आहे. तात्पर्य, साधन नवे की जुने हा प्रश्न नसून, त्यात दुसऱ्यासाठी जागा सोडली आहे की नाही, हा आहे.

ह्यावरून अभ्यासाची दिशाही ठरते. रेल्याचे शब्द उतरवून घेणे पुरेसे नाही. ओळ कोणी दिली, कोणी उचलली, पालुपद किती वेळ फिरले, कोणती ओळ त्याच रात्री जन्मली आणि गीत कशामुळे थांबले, ह्याची नोंद आरंभापासून शेवटापर्यंत झाली पाहिजे. संपादनात एकही आवर्तन गाळता कामा नये. ध्वनिमुद्रकाची जागा आज पुरेशी आहे, त्यामुळे तीन मिनिटांची सबब उरलेली नाही. डीजे-रूपांची परीक्षाही ह्याच कसोटीवर व्हावी. ज्या ट्रॅकमध्ये काही आवर्तने शब्दांवाचून मोकळी आहेत, त्यावर एखादी मुलगी उद्या आपली ओळ म्हणू शकेल. मग तो तीन मिनिटांचा असला तरी रेल्याच्या कुळातला आहे. ज्यात अशी जागा नाही, तो रात्रभर वाजविला तरी तेथे गीत पुढे जात नाही, केवळ ट्रॅक पुन्हा सुरू होतो.