चित्रांतला घोडा आणि शर्यतींतला विजय

संगणकावरील खेळांना टीकेचा विषय करावें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. ज्या कृतींत मनुष्याच्या एखाद्या गुणाची कसोटी लागते आणि ती कसोटी पाहणाऱ्यालाहि कळते, ती टीकाकाराच्या कक्षेंत येते, एवढें आम्हांस पुरेसें वाटतें. 1998 सालीं अमेरिकेंतील पॅपिरस या मंडळीनें तयार केलेली ‘ग्रां प्री लेजंड्स’ ही अशीच एक कृति आहे. तिचा प्रमुख कर्ता डेव्हिड केमर. तिचा विषय 1967 सालचा फॉर्म्युला वन शर्यतींचा हंगाम. बाजारांत तिला बेताचेंच यश आलें, कारण ती फार कठीण होती. हौसेनें घरीं आणणारा पहिल्या वळणावर गवतांत जाई, दुसऱ्या वळणावर कुंपणांत जाई, आणि संध्याकाळपर्यंत तो खोका कपाटांत जाई! परंतु ज्यांनीं ती सोडली नाहीं त्यांनीं इंटरनेटवरून एकमेकांशीं शर्यती लावण्यास आरंभ केला. पुढें 2008 सालच्या ‘आयरेसिंग’नें व 2014 सालच्या ‘असेटो कोर्सा’नेंहि त्या काळच्या गाड्यांना, विशेषतः लोटस 49 ला, आपल्यांत स्थान दिलें.

1967 हेंच वर्ष कां, याला कारण आहे. 1966 पासून तीन लिटरच्या एंजिनास मुभा मिळाली होती. गाडीला जमिनीशीं दाबून धरणारे पंख मात्र 1968 सालीं आले. मधल्या काळांत शक्ति वाढली होती, पण तिला आवर नव्हता. लोटस 49 चें वजन सुमारें 500 किलो आणि तिच्या कॉसवर्थ एंजिनाची शक्ति सुमारें 400 अश्वशक्ति. अशी गाडी वळणावर रुळावरून गेल्यासारखी जात नाहीं. ती चारी चाकांनीं किंचित् घसरत जाते, आणि तिची दिशा चालकाला हातांइतकीच उजव्या पायानें ठरवावी लागते. टायर थोडा घसरूं लागला म्हणजे त्याची पकड सर्वांत अधिक असते. त्याच्या थोडें पुढें गेलें कीं ती सुटते. या दोन ‘थोड्यां’च्या मधली अरुंद जागा हेंच या कलेचें क्षेत्र होय.

या गाडीचा एक स्वभाव मात्र वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. वळणाच्या मध्यावर चालक घाबरला आणि त्यानें ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर भार पुढच्या चाकांवर येतो, मागचीं चाकें हलकीं होतात, आणि गाडी भोवऱ्याप्रमाणें फिरते. सहजप्रवृत्ति जी क्रिया बचावाची म्हणून सुचविते, तीच येथें घाताची ठरते. यावरून निर्भय मनुष्य येथें जिंकेल असें कोणास वाटेल, तर तेंहि खरें नाहीं. तो अगोदरच्याच वळणावर रस्ता सोडून गेलेला असतो. येथें भय हवें, पण तें वळणापूर्वीं, गाडी सरळ असतांना हवें. वळणांत शिरल्यावर आलेल्या भयाचा कांहीं उपयोग नाहीं.

‘लेजंड्स’मधील न्युर्बुर्गरिंगवर झालेल्या एका शर्यतीचें चित्रमुद्रण आमच्या नुकतेंच पाहण्यांत आलें. सर्व स्पर्धक लोटस गाड्यांत होते. हा मार्ग सुमारें 22.8 किलोमीटरांचा, जर्मनींतील आयफेल डोंगरांतून चढत-उतरत जाणारा. विजयी चालक आरंभीं चौथा होता आणि शेवटीं पहिला आला. पण स्वतःच्या वेगानें त्यानें एकालाच मागें टाकलें. उरलेले दोघे आपण होऊन गेले. फ्लुगप्लात्स या ठिकाणीं—नांवाचा अर्थच विमानतळ—रस्ता एका माथ्यावर चढतो, गाडीचीं चाकें जमीन सोडतात, आणि खालीं येतांच उजवीकडे वळावें लागतें. आमचा विजेता दर फेरीला माथ्याच्या अलीकडे क्षणभर पाय उचली. आघाडीवरचा चालक उचलीत नसे, आणि दर वेळीं तेथें तो थोडा पुढें सरके. तिसऱ्या फेरीला त्याची गाडी जराशी तिरपी उडाली. खालीं येतांच त्यानें पाय उचलला, आणि मग जें व्हावयाचें तें झालें. दुसऱ्या स्थानावरचा गृहस्थ आघाडी हातीं आल्याच्या आनंदांत पुढच्याच फेरींत कुंपणांत गेला.

अशा विजयाला कोणी दुसऱ्यांच्या चुकांची भिक्षा म्हणेल. पण खुद्द 1967 चा हंगाम काय सांगतो? त्या वर्षीं जिम क्लार्कनें चार शर्यती जिंकल्या, डेनी हल्मनें दोनच. जगज्जेता झाला तो हल्म. त्याच्या दोहोंपैकीं एक विजय याच न्युर्बुर्गरिंगवरचा. तेथें आघाडीवर असलेल्या डॅन गर्नीची गाडी शेवटच्या फेऱ्यांत मोडली. हल्मचा मान कमी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तथापि त्याच वर्षीं मोंझा येथें क्लार्कचें चाक पंक्चर होऊन तो एक संपूर्ण फेरी मागें पडला, ती त्यानें भरून काढली, पुन्हां आघाडी घेतली, आणि शेवटच्या फेरीला पेट्रोल न पोंचल्यामुळें तिसरा आला. ती हार आम्हांस कित्येक विजयांहून मोठी वाटते.

आतां मुख्य आक्षेप. घरांत खुर्चीवर बसून जिंकणाऱ्याला धैर्य कसलें? 1967 च्या मे महिन्यांत मोनॅको येथें लोरेंझो बांदिनीची गाडी बंदराजवळच्या वळणावर आदळून पेटली, आणि तिसऱ्या दिवशीं तो वारला. पुढच्या वर्षीं 7 एप्रिलला हॉकेनहाइम येथें क्लार्कहि गेला. बांदिनीच्या त्या वळणावर आज कोणीहि दहा वेळां आपटून चहा पिऊन परत येतो. दोहोंस एकाच पंक्तीला बसविणें आम्हांसहि रुचणार नाहीं.

परंतु अनुकृति म्हणजे खोटें, असें आपल्या साहित्यशास्त्रानें कधीं मानलें नाहीं. श्रीशंकुकानें चित्रांतल्या घोड्याचा दृष्टान्त दिला: त्याला पाहून ‘हा घोडा’ असें जें ज्ञान होतें तें खरें नव्हे, खोटें नव्हे, संशयाचें नव्हे आणि सादृश्याचेंहि नव्हे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत रंगभूमीवर रथ नसतांना नट रथाचा वेग अभिनयानें दाखवितो, आणि आपण तो पाहतों. येथवर साम्य आहे. पण चित्रांतला घोडा स्वाराला पाडीत नाहीं, आणि दुष्यंताचा रथ उलटणार नाहीं हें कालिदासानें आधींच ठरविलेलें असतें. या नव्या अनुकृतींत रथ उलटूं शकतो! न. चिं. केळकरांनीं 1921 सालीं बडोद्याच्या संमेलनांत जिला सविकल्प समाधि म्हटलें, ती वाचकाची अवस्था. परक्या भूमिकेंत शिरूनहि तो स्वतःला विसरत नाहीं. येथें चालकाला याहून अवघड काम आहे. मृत्यु तेथें नाहीं हें तो जाणतो, आणि तरीहि तो असल्यासारखें वागल्यावांचून त्याची गाडी रस्त्यावर राहत नाहीं. जें भय क्लार्कला परिस्थितीनें दिलें तें यानें स्वतःच्या कल्पनेनें उत्पन्न करावयाचें, आणि तें नेमकें माथ्याच्या अलीकडे. हा गुण क्लार्कच्या धैर्याच्या बरोबरीचा नसेल. पण तो नटाचा आणि सारथ्याचा मिळून एक गुण आहे, आणि तो दुर्मिळ आहे.

कृतींत दोष आहेत. होंडा व कूपर यांचीं नांवें वापरतां न आल्यामुळें त्या गाड्या ‘मुरासामा’ व ‘कॉव्हेन्ट्री’ अशा उसन्या नांवांनीं धांवतात. मोंझा येथें जॉन सर्टीझला अवघ्या 0.2 सेकंदानें जय मिळवून देणारी गाडी होंडाच होती, तेव्हां ही उणीव लहान नव्हे. फ्रान्सची शर्यत ल माँऐवजीं रुआँला नेली आहे, तो बदल आम्हांस आवडला. पाऊस मात्र कोठेंच नाहीं. गाडी घसरूं लागल्याचें खऱ्या चालकाला पाठीला कळतें. येथें डोळ्यांनीं, एंजिनाच्या आवाजानें आणि स्टिअरिंगच्या ओढीनें ओळखावें लागतें, म्हणून एका अंगीं हें काम अधिकच कठीण होतें.

इंटरनेटवरील शर्यती भरविणाऱ्यांस आमची एकच सूचना आहे. चार-पांच फेऱ्यांच्या शर्यतींत पहिल्या वळणावरची झोंबाझोंबी निकाल ठरविते. फेऱ्या वाढवाव्यात, आणि आदळलेल्या गाडीस पुन्हां रस्त्यावर येऊं देऊं नये. निकालपत्रकांत स्थान आणि वेळ एवढेंच लिहितात. त्या न्युर्बुर्गरिंगच्या पत्रकांतहि तेवढेंच आहे. फ्लुगप्लात्सच्या अलीकडे उचललेला पाय पाहावयाचा असेल, तर चित्रमुद्रणच लावावें लागतें.