नियतकालिकांचा प्रभावांक व जेधे शकावली

संशोधनपर नियतकालिकांची योग्यता आंकड्यांनीं ठरविण्याच्या पद्धतीचें मूळ यूजीन गारफील्ड यांच्या १९५५ च्या लेखांत आहे. कोणत्या लेखाचा आधार पुढें कोणीं घेतला हें शोधतां यावें, हा त्यांचा हेतु. त्याची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप १९७५ पासूनच्या ‘प्रभावांका’वर आहे. मागील दोन वर्षांतील लेखांचे चालू वर्षीं झालेले उल्लेख मोजावयाचे व त्यांस लेखसंख्येनें भागावयाचें, एवढाच हा हिशेब. २०२३ पासून तो मानव्यविद्यांच्या सूचीबद्ध नियतकालिकांसहि लागू झाला आहे.

जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ त प्रसिद्ध केली. तींतील शिवजन्मतिथि, फाल्गुन वद्य ३ शके १५५१, महाराष्ट्र शासनानें मान्य केली ती २००१ सालीं! या हिशेबांत १९१८ नंतरचा एकहि उल्लेख बसत नाहीं. पांच वर्षांचाहि एक अंक काढतात. त्याची धांव १९२१ पर्यंत.

२०१० सालीं ‘ऑल्टमेट्रिक्स’ हें नांव मिळालेल्या मापनांत समाजमाध्यमें, वृत्तपत्रें, विकिपीडिया यांतील उल्लेख मोजतात. लेखास खोडून काढणारा उल्लेखहि तेथें जमेसच! शिवाय लेखाचा दुवा वा ओळखक्रमांक सोबत नसल्यास यंत्रास तो उल्लेख बहुधा दिसतच नाहीं. तेव्हां जन्मतिथीवर हजारोंनीं वाद घातला तरी शकावलीच्या खात्यावर शून्यच पडावयाचें. मूळ छापील पानाऐवजीं मागाहूनच्या ग्रंथाचा हवाला देण्याची आपली संवय त्या शून्यास हातभार लावते. हा दोष मात्र यंत्राचा नव्हे.