लाकडातून 'वेगळे काढतात' म्हणजे काय करतात?

लाकडाच्या रसायनाविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात एक वाक्य हमखास भेटते: 'लाकडातून सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन वेगळे काढतात.' वाक्य चूक नाही. पण ते वाचताना तांदळातून खडे वेचल्यासारखे चित्र डोळ्यांपुढे येते, आणि आमची तक्रार त्या चित्राबद्दल आहे.

आधी नावे पाहू. 'हार्डवुड'चे 'कठीण लाकूड' असे भाषांतर केले की विद्यार्थी फसलाच. हा भेद वनस्पतिशास्त्रातला आहे. सपुष्प, द्विदल झाडांचे लाकूड ते हार्डवुड. साग त्यात येतो आणि आगकाड्यांची मऊ काटेसावरही येते. 'हेमिसेल्युलोज' हे नाव अर्न्स्ट शुल्झे यांनी १८९१ मध्ये दिले. ते काही अर्धे सेल्युलोज नव्हे.

हार्डवुडमधले मुख्य हेमिसेल्युलोज म्हणजे झायलन. वजनाच्या साधारण १५ ते ३० टक्के. झायलोज या पाच कार्बनांच्या साखरेची ही साखळी असून दर दहा झायलोजमागे सुमारे सात ॲसिटिल गट तिला लटकलेले असतात. खरी गंमत या गटांत आहे, आणि लेखांतून नेमके तेच गळतात.

भुसा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवला, तर बरेचसे झायलन विरघळून बाहेर येते आणि साखळी पुष्कळ लांब राहते. पण अल्कली ॲसिटिल गट उतरवून टाकते. ते गेले की साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि झायलन पाण्यात नीट विरघळेनासे होते. उलट, भुसा नुसत्या पाण्यात दाबाखाली १६०-१७० अंश सेल्सिअसला तापवला, तर काही ॲसिटिल गट सुटून त्यांचे ॲसेटिक आम्ल होते आणि ते आम्लच साखळी तोडू लागते. बाहेरून आम्ल घालावे लागत नाही! मिळालेले तुकडे पाण्यात विरघळतात, पण आखूड असतात. फार वेळ ठेवले तर झायलोज आणि पुढे फरफ्युरल. लाकडात होते ते झायलन या दोन्ही भांड्यांत जसेच्या तसे मिळत नाही. एस्टरचे जलअपघटन शिकवताना हे उदाहरण हाताशी ठेवावे. ओकच्या बंद कपाटातली शिशाची नाणी पांढरी पडतात, त्यामागेही लाकडातून सुटणारे हेच आम्ल असते.

'टाकाऊतून टिकाऊ' हा सूरही आम्हाला खटकतो. क्राफ्ट पद्धतीच्या कागद गिरणीत विरघळलेले हेमिसेल्युलोज फेकून देत नाहीत. लिग्निनबरोबर ते बॉयलरमध्ये जळते आणि वाफ देते. त्याचे उष्मामूल्य लिग्निनच्या जवळपास निम्मे, म्हणून ते आधीच काढून घ्यावे, असे म्हणता येते. मात्र मग कमी पडणारी वाफ कुठून आणायची, तेही सांगावे. शिवाय तंतूंत उरलेले झायलन कागदाला मजबुती देते.

फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात बर्चच्या लाकडापासून झायलिटॉल बनू लागले, हा दाखला वारंवार दिला जातो. तिथे साखळी तोडून झायलोजच हवे होते. अन्नवेष्टनासाठी झायलनचा पातळ पडदा करायचा तर लांब साखळी लागते. त्या कामाला हा दाखला उपयोगाचा नाही.