नाताळची भेट, काळे मूल आणि आपण

मुलांचे पुस्तक मूल विकत घेत नाही. ते बाप घेतो, मावशी घेते, शिक्षक घेतो, ग्रंथपाल घेतो. प्रौढांच्या वाङ्मयात वाचक आणि ग्राहक बहुधा एकच असतो. बालवाङ्मयात ही दोन वेगळी माणसे असतात आणि पुस्तक लिहिले जाते ते ग्राहकाच्या खिशाला व अभिरुचीला पटेल असे. इंग्लंड-अमेरिकेत या व्यवहाराला नाताळचा मोठा आधार आहे. नाताळात मुलाच्या हाती पुस्तक ठेवायचे ही तिथल्या मध्यमवर्गाची जुनी रीत. कोणाला कोणते पुस्तक द्यावे याच्या याद्या वर्तमानपत्रे छापतात. १९१९ साली अमेरिकेत बालपुस्तक सप्ताह सुरू झाला, तोही नाताळच्या तोंडावर, नोव्हेंबरात.

या याद्यांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली, ती नाव तिकडूनच घेऊन. आपण काळ्यांची कविता वाचली, त्यांची आत्मचरित्रे वाचली, त्यांचा संताप आपला मानला. पण आपल्या पोरांच्या हाती कोणते पुस्तक पडावे यासाठी त्यांनी जो झगडा केला, त्याकडे आपले लक्ष गेले नाही. बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले त्याच डुबॉइस यांनी लहान मुलांचे मासिक चालवले होते, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

आधी भेट या गोष्टीचाच विचार करू. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात मळ्यावरचा नाताळ सांगितला आहे. नाताळ ते नववर्ष गुलामांना सुट्टी मिळे. मालक त्यांना भरपूर दारू पाजत. या दिवसांत जो गुलाम नेटाने काम करी त्याच्याकडे मालक तुच्छतेने पाहत. जो झिंगून पडे तो शहाणा. डग्लस यांच्या मते ही सुट्टी म्हणजे बंडाची वाफ बाहेर सोडण्याची झडप होती. सणाच्या दिवशी वाड्यातून येणारा शेर-पायली माल ज्यांच्या आजोबांनी पदरात घेतला, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

याच मळ्यांवर एक खेळ होता. नाताळच्या सकाळी दोघे समोर आले की जो आधी 'ख्रिसमस गिफ!' असे ओरडेल त्याला दुसऱ्याने भेट द्यायची. हा खेळ वाड्यातही चाले आणि गुलामांच्या झोपडीतही. चार्लेमे रोलिन्स यांनी १९६३ मध्ये काळ्यांच्या नाताळविषयीच्या कथा, गाणी आणि कविता एकत्र करून जो संग्रह काढला, त्याला त्यांनी हेच नाव दिले. भेट मुकाट्याने स्वीकारण्याची जी वस्तू, ती हक्काने, ओरडून मागण्याची वस्तू झाली. या नावाचा अर्थ मला असा लागतो.

रोलिन्सबाई १८९७ मध्ये मिसिसिपीत जन्मल्या. आजी गुलामगिरी भोगलेली. शिकागोच्या काळ्या वस्तीतल्या सार्वजनिक ग्रंथालयात त्या १९३२ ते १९६३ मुलांच्या विभागात होत्या. समोर रोज काळी मुले, आणि कपाटात त्यांची टिंगल करणारी पुस्तके. १९४१ मध्ये त्यांनी 'वुई बिल्ड टुगेदर' ही यादी प्रसिद्ध केली: कोणती पुस्तके घ्यावीत, आणि त्याहून महत्त्वाचे, ती कशी पारखावीत. चित्रात काळ्याचे तोंड विद्रूप केले आहे काय? त्याच्या तोंडची भाषा मुद्दाम मोडून तोडून लिहिली आहे काय? हा दुसरा प्रश्न आपल्याला अडचणीचा वाटेल, कारण दलित साहित्याने बोलीला प्रतिष्ठा दिली आणि ती लढाई अजून संपलेली नाही. परंतु रोलिन्सबाईंचा राग बोलीवर नाही, नकलेवर आहे. मी ज्या वसतिगृहात वाढलो तेथे दात्यांच्या घरची वापरलेली गोष्टीची पुस्तके गठ्ठ्याने येत. पहिल्या पानावर दुसऱ्याच मुलाचे नाव आणि त्याच्या वाढदिवसाची तारीख. त्या गोष्टींतली मुले सुट्टीत मामाच्या गावी जात. त्या गावात वाडा असे, आमराई असे, विहीर असे. आमची वस्ती मात्र नसे. गडी असे. तो इमानी असे, आणि तो तोंड उघडी तेव्हा वाचणाऱ्याला हसू यावे अशी त्याची भाषा असे. ती माझ्या आईची भाषा होती. आईच्या तोंडी ती भाषा आणि त्या पुस्तकातल्या गड्याच्या तोंडी तीच भाषा, यातला फरक ज्याला कळत नाही त्याने मुलांसाठी पुस्तके निवडू नयेत.

आता भेट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिलेली दोन पुस्तके पाहू. पहिले 'लिटल ब्लॅक सॅम्बो', १८९९ सालचे. लेखिका हेलन बॅनरमन स्कॉटिश. नवरा हिंदुस्थानातल्या सरकारी वैद्यकीय सेवेत, त्यामुळे बाईंचे वास्तव्य इकडचेच. म्हणून गोष्टीत वाघ आहेत आणि ते वाघ वितळून त्यांचे चक्क तूप होते! मूल मात्र काळे, आणि त्याचे नाव तिकडे काळ्यांना हिणवण्यासाठी वापरले जाणारे. गोष्टीतला पोरगा हुशार आहे, वाघांना पुरून उरतो. पुस्तकाचे समर्थक हेच पुढे करतात. त्याला उत्तर लँग्स्टन ह्यूज यांनी १९३२ मध्येच दिले. गोऱ्या पोराला त्या गोष्टीची गंमत वाटत असेल, पण ज्याला रस्त्यात रोज तसल्याच नावांनी हाका मारल्या जातात त्या पोराला ती कशी वाटेल, हा त्यांचा मुद्दा. जातीचे नाव शिवीसारखे ऐकत जो शाळेत गेला, त्याला याहून अधिक पुरावा लागत नाही.

दुसरे पुस्तक अधिक चतुर आहे आणि आजही खपते: रोआल्ड डाल यांचे 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी', १९६४ सालचे. आपल्या शहरांतल्या इंग्रजी शाळांच्या ग्रंथालयांतही ते सापडते. वोंका नावाच्या कारखानदाराचे कामगार त्याची गुपिते फोडतात, म्हणून तो सगळ्यांना काढून टाकतो. पुढे कारखाना पुन्हा सुरू होतो, पण आत कोण राबते ते गावाला कळत नाही. आत आहेत ऊंपा-लूंपा. पहिल्या आवृत्तीत ही आफ्रिकेच्या जंगलातून आणलेली बुटकी काळी माणसे होती. त्यांना खोक्यांत भरून, खोक्यांना भोके पाडून, चोरून आणले आहे. ती कारखान्यातच राहतात, गातात, नाचतात, आनंदी असतात. नवी गोळी तयार झाली की तिचा प्रयोग आधी त्यांच्यावर होतो. आणि त्यांची मजुरी काय? कोकोच्या बिया.

आक्षेप आल्यावर १९७३ च्या आवृत्तीत डाल यांनी त्यांचा रंग बदलला. ती गोरी झाली, केस लांब झाले, आफ्रिका जाऊन एक काल्पनिक देश आला. उदारमतवाद्यांचे समाधान झाले. पण खोकी तशीच राहिली. प्रयोग तसेच राहिले. कोकोच्या बिया तशाच राहिल्या. बलुत्याची व्यवस्था ज्याने घरात ऐकली आहे त्याला त्या बियांत खळ्यावरचा सुपाने मोजलेला दाणा दिसतो. रोकड नाही, घर मालकाचे, आणि वर समाधान असे की यांना हेच आवडते. शेवटी भुकेल्या घरातला चार्ली कारखान्याचा वारस ठरतो, आणि गरीब मुलाच्या नशिबाने वाचक हेलावतो. ऊंपा-लूंपांना मात्र नवा मालक मिळतो, एवढेच. ही गोष्ट रंगतदार आहे, हे मी नाकारत नाही. रंगतदार आहे म्हणूनच ती तपासली पाहिजे. कंटाळवाण्या पुस्तकाने कोणाचे मन घडत नाही.

रंग बदलून नाते तसेच ठेवण्याची ही युक्ती आजही चालते. २०१६ च्या जानेवारीत स्कोलॅस्टिक या प्रकाशनसंस्थेला जॉर्ज वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्या केकवरचे चित्रपुस्तक बाजारातून मागे घ्यावे लागले. त्यात वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस हसतमुखाने मालकासाठी केक करतो. काळी माणसे आहेत, चित्रे देखणी आहेत. मात्र हा हर्क्युलिस १७९७ मध्ये पळून गेला, ही गोष्ट मुख्य कथेत येत नाही. तेव्हा पुस्तकात आपल्यासारखा चेहरा आहे की नाही एवढीच कसोटी लावणाऱ्यांनी जपून राहावे.

चेहऱ्याचा प्रश्न खोटा आहे असे मात्र कोणी समजू नये. नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये हिशेब मांडला: तीन वर्षांत निघालेल्या ५,२०६ बालपुस्तकांपैकी ज्यांत एखादे तरी काळे माणूस आहे अशी पुस्तके फक्त ३४९. या दुष्काळातच १९६२ मध्ये 'द स्नोई डे' आले. चित्रकार-लेखक एझ्रा जॅक कीट्स हे ब्रुकलिनच्या गरीब ज्यू घरातले. पीटर नावाचा काळा मुलगा लाल कपडे घालून बर्फात खेळतो, पावलांचे ठसे उमटवतो, बर्फाचा गोळा खिशात ठेवतो, आणि तो विरघळला म्हणून हळहळतो. बस्स. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० मध्ये जाहीर केले की तिच्या सव्वाशे वर्षांत सर्वाधिक वेळा, ४,८५,५८३ वेळा, घरी नेलेले पुस्तक हेच. लॅरिकबाईंनी मात्र त्यातल्या धिप्पाड, भडक झग्यातल्या आईवर बोट ठेवले होते. ती त्यांना गोऱ्यांच्या कल्पनेतली मोलकरीण वाटली. पुस्तकात पीटरच्या रंगाचा उल्लेखही नाही, असाही आक्षेप पुढे आला. मला हे आक्षेप समजतात, तरी मी पीटरच्या बाजूने आहे. आपल्या पोराला एक दिवस असा मिळावा की ज्यात त्याला काही सिद्ध करायचे नाही, कोणाला क्षमा करायची नाही, कोणाचे उपकार मानायचे नाहीत. हीसुद्धा एक मागणी आहे, आणि ती लहान नाही.

पण रोजचा दिवस तसा नसतो. म्हणून डुबॉइस यांच्याकडे वळले पाहिजे. ते 'द क्रायसिस' या मासिकाचा वर्षातून एक अंक मुलांसाठी काढत. त्याच मासिकात काळ्यांना झाडाला टांगून मारल्याच्या बातम्याही असत. एका बारा वर्षांच्या मुलीने त्यांना कळवले की ती गोऱ्या माणसाचा द्वेष करते, तो तिचा करतो तितकाच, किंबहुना अधिक. डुबॉइस हादरले. बातम्या लपवणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. पण द्वेषावर पोसलेले मूल वाढणार कसे? या पेचातून जानेवारी १९२० मध्ये 'द ब्राऊनीज बुक' हे मासिक निघाले. अंकाची किंमत १५ सेंट. जेसी फॉसेट यांच्या हाती त्याचे साहित्यिक काम होते. ह्यूज यांचे पहिले छापील लेखन १९२१ मध्ये इथेच आले. डुबॉइस स्वतः जगाच्या बातम्या सांगत, त्या कावळ्याच्या तोंडून! उंचावरून उडणारा, सगळे पाहणारा, आणि काळा. आपल्याकडे मुलाला सांगितलेली पहिली गोष्ट कोणती? कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा दाराशी भिजत उभा राहतो. आतून कारणे येत राहतात. ही गोष्ट आपणही आपल्या पोरांना सांगतो, आणि त्यांना चिमणीच्या बाजूने हसायला शिकवतो.

ती मुलगी आपल्याही घरात आहे. आपल्या आत्मकथनांकडे पाहा. 'बलुतं', 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी'; सगळ्यांत एक पोर आहे, भुकेले, बिथरलेले, शिकणारे. इतके बालपण मराठीत आधी कोणी लिहिले नव्हते. पण ते लिहिले गेले मोठ्यांसाठी. आठ वर्षांच्या पोराला 'अक्करमाशी' देता येत नाही, आणि गठ्ठ्यातली पुस्तके द्यायची नाहीत. मग द्यायचे काय? डिसेंबर हा आपलाही पुस्तके घेण्याचा महिना आहे. सहा तारखेला दादरला शिवाजी पार्कावर माणसे भाकरी बांधून येतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. हा व्यवहार जगात कोणालाही अभिमान वाटावा असा आहे. पण त्या दुकानांत मुलासाठी मागितले की बहुधा बाबासाहेबांचे छोटे चरित्र पुढे येते. ते हवेच. मात्र मुलाला प्रत्येक वेळी महापुरुषच द्यायचा, म्हणजे त्याच्या हाती प्रत्येक वेळी परीक्षेचा पेपर द्यायचा. ह्यूज आणि आर्ना बॉन्टेम्प्स यांच्या 'पोपो अँड फिफिना' (१९३२) मध्ये हैतीच्या कोळ्याची दोन पोरे आहेत. पोपो सुतारकाम शिकतो, पतंग उडवतो. गरिबी आहे, पण कीव नाही. आणि काम शिकणारा हात कोणाचा नोकर नाही.

आपल्या देशात हे झालेच नाही असे नाही. कांचा इलैया यांचे श्रमाच्या प्रतिष्ठेवरचे 'टर्निंग द पॉट, टिलिंग द लँड' हे मुलांचे पुस्तक २००७ मध्ये निघाले. त्यात चामडे कमावणे ही विद्या म्हणून येते. चित्रे दुर्गाबाई व्याम यांची. हैदराबादच्या 'अन्वेषी'च्या पुढाकाराने २००८ मध्ये 'डिफरंट टेल्स' ही मालिका आली, तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत. गोगू श्यामला यांच्या गोष्टीत पहाटे शेताला पाणी देणारी वस्तीतली मुलगी आहे. मुलांच्या पुस्तकाला रंगीत छपाईचा खर्च येतो आणि आपला वाचक पन्नास-शंभर रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही, ही अडचण खरी आहे. 'ब्राऊनीज बुक'ही पैशाअभावीच बंद पडले. त्याचा शेवटचा अंक १९२१ च्या डिसेंबरचा, म्हणजे नाताळचा. पण दोन वर्षांत चोवीस अंक निघाले होते. आपली मंडळे दरवर्षी स्मरणिका काढतात. जाहिराती जमतात, मान्यवरांचे फोटो छापतात. त्याच पैशात सोळा पानांचे एक चित्रपुस्तक निघू शकते. लिहिणारा आणि चित्रे काढणारा वस्तीत राहिलेला असावा, आणि भाषा घरची. पहिले पुस्तक कावळ्याचेच करा. पाऊस पडतो आहे, घर गळते आहे, आई गळतीखाली पातेले ठेवते आहे, आणि पोरे बाहेर गटाराच्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडताहेत. चिमणीच्या दाराशी कोणीही गेलेले नाही.