'कोसला' ते 'कासव' : अबोल मूल आणि पालक यांच्यातील दुरावा

प्रस्तुत लेखात दोन भिन्न माध्यमांतील कलाकृतींचा एकत्र विचार केला आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास सुवर्णकमळ मिळाले. दोन्ही शीर्षके एकाच प्रतिमेकडे निर्देश करतात. कोसला म्हणजे अळीने स्वतःभोवती विणलेला कोश, तर कासव संकट दिसताच अंग आत ओढून घेते.

आपल्या महाविद्यालयांच्या पालक मेळाव्यांतून हल्ली एकच तक्रार ऐकू येते. मुलगा घरात असतो पण बोलत नाही, खोलीचे दार लावून मोबाईलमध्ये असतो. दोष अर्थातच यंत्राकडे जातो. 'कोसला' हे निदान सहजासहजी स्वीकारू देत नाही. पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहात पैसा उधळतो, मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूने आतून कोसळतो आणि पदवीवाचून गावी परततो. या सर्व काळात तो वडिलांपासून तुटत जातो. त्यासाठी कोणत्याही पडद्याची गरज लागलेली नाही.

'कोसला'ची समीक्षा परात्मता, अस्तित्ववाद, देशीयता, कथनतंत्र अशा अंगांनी विपुल झाली. पांडुरंगाच्या वडिलांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. याचे कारण निवेदनातच आहे. प्रथमपुरुषी निवेदनामुळे वडील आपणांस केवळ मुलाच्या नजरेतून दिसतात. कर्ता, धाक असलेला, पैसे पुरविणारा माणूस एवढेच त्यांचे रूप हाती लागते. बोलणे खुंटलेल्या या दोघांत पैसा हीच जवळजवळ एकमेव सामाईक भाषा उरते. अठराव्या वर्षी कादंबरी वाचताना आपण सारेच पांडुरंगाच्या बाजूचे असतो. स्वतःची मुले माध्यमिक शाळेत गेल्यावर तीच पाने वेगळी वाचली जातात, हा प्रस्तुत लेखिकेचा अनुभव आहे.

मग डिजिटल काळाने काय बदलले? अंतराचे स्वरूप बदलले. पांडुरंगाचे तुटणे सांगवी आणि पुणे या दोन ठिकाणांत घडते. परत येणे ही त्यात एक घटना असते. आजचा मुलगा शेजारच्या खोलीत असूनच दूर असतो, त्यामुळे त्याच्या परतण्याचा क्षणच येत नाही. जपानी मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांनी १९९८ साली 'हिकिकोमोरी' या अवस्थेवर ग्रंथ लिहिला, तोही स्मार्टफोन येण्यापूर्वी. यंत्राने कोश निर्माण केला नाही, तो राहण्याजोगा केला. शिवाय शिरोळकडचा ऊस-उत्पादक बाप आता मुलगा रात्री दोन वाजता 'ऑनलाईन' होता हे पाहू शकतो, आपला संदेश वाचला गेल्याची निळी खूण पाहू शकतो. उत्तर न येणे पूर्वी टपालावर ढकलता येत असे. तो आडोसा गेला.

'कासव'मधील तरुण आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला आहे. त्याला आसरा देणारी जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती प्रश्न विचारत नाही, त्याचा संताप सोसते, थांबते. समुद्रकासवाची मादी वाळूत अंडी घालून निघून जाते आणि पिल्ले आपापली पाण्याकडे जातात. या निसर्गक्रमाचा दिग्दर्शकद्वयाने केलेला उपयोग संयत आहे. चित्रपटाचे हे यश मान्य करूनही एक आक्षेप नोंदवावा लागतो. जानकी त्या मुलाची आई नाही. तिने त्याच्या शुल्कासाठी सोसायटीचे कर्ज काढलेले नाही, नातेवाइकांना त्याच्या निकालाविषयी उत्तरे दिलेली नाहीत. तिच्यापाशी समुद्रकाठचे घर आहे, मोटार आहे, मदतीला माणसे आहेत. अशी शांतता परक्या व सुस्थित व्यक्तीस तुलनेने सुलभ असते. ज्याच्या अपेक्षा त्या मुलात गुंतल्या आहेत त्या पालकाने कसे थांबावे, हा अवघड प्रश्न चित्रपट बाजूला ठेवतो.

'कोसला' हा प्रश्न टाळत नाही, परंतु त्याची एकच बाजू ऐकवते. पंचविशीतला पांडुरंग निदान सारे सांगून टाकतो, रोजनिशीही ठेवतो. सांगवीत मागे राहिलेल्या बापाचे निवेदन मात्र प्रस्तुत लेखिकेच्या वाचनात अद्याप आलेले नाही.